सही दाजींची, होकार माहेरचा

गुरुवारी दुपारी बाराच्या सुमारास रुग्णाच्या नवऱ्यानं मला जिन्यात गाठलं आणि म्हणाला, "मॅडम, ते अवयवदानाचं करून टाकू. कुठं सही करायची?" प्रत्यारोपण समन्वयक म्हणून नऊ वर्षांत असं न विचारता आलेलं 'हो' मला चार-पाचदाच मिळालंय. तरी मी फॉर्म काढला नाही. पुढचे दहा तास तो माझ्या फाईलमध्येच राहिला आणि त्यावरून आयसीयूच्या प्रमुखांशी माझं चांगलंच वाजलं. त्या दहा तासांचा हिशेब इथं मांडतेय. ओळख पटेल असे तपशील बदललेत. आजार आणि निर्णय ज्या क्रमानं पुढं गेले तो क्रम मात्र तसाच ठेवलाय.

रुग्ण 43 वर्षांची. नाशिकच्या सिडकोत घर, घरीच ब्लाउज शिवायची, फॉल-पिको करायची. नवरा अंबडच्या एका कारखान्यात. मुलगी वीस वर्षांची, मुलगा दहावीत, सासू सोबत. माहेर चांदवड तालुक्यात. वडील नाहीत, आई गावी, आणि एकच भाऊ, तो ट्रकवर. बीपीची गोळी दोन महिन्यांपासून बंद होती, कारण "आता बरं वाटतंय". हे कारण मी इतक्या वेळा ऐकलंय की लिहिताना हात आपोआप चालतो.

मंगळवारी सकाळी डोकं दुखतंय म्हणाली, एक उलटी झाली, आणि बाथरूममध्ये गेली ती तिथंच पडली. कपाळाच्या वर, केसांत, दोन सेंटिमीटरची खोक. पावणेनऊला कॅज्युअल्टीत आणलं तेव्हा शुद्ध नव्हती. सीटीमध्ये मेंदूच्या उजव्या बाजूला खोलवर मोठा रक्तस्राव, रक्त मेंदूतल्या पोकळ्यांत (व्हेंट्रिकलमध्ये) उतरलेलं, मध्यरेषा सरकलेली. न्यूरोसर्जननी ड्रेन टाकली आणि घरच्यांना स्पष्ट सांगितलं की आशा फार कमी आहे. घरात पडून डोक्याला मार, म्हणून कॅज्युअल्टीच्या डॉक्टरांनी एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद, केली. ते बरोबरच होतं, पण या एका नोंदीनं पुढं सगळ्यांना कामाला लावलं.

बुधवारी पहाटे तीनला रात्रपाळीच्या सिस्टरनं चार्टवर लिहिलं: सक्शन करताना खोकला नाही. दोन्ही बाहुल्या मोठ्या, उजेडाला हलत नाहीत. त्याच तासात लघवी 400 मिली. मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून पाणी धरून ठेवणारं संप्रेरक येईनासं झालं की असं होतं, आणि रक्तातलं सोडियम चढत जातं. सकाळी सोडियम 159. एवढ्या सोडियमवर ब्रेनस्टेमची, म्हणजे श्वास चालवणारा मेंदूचा देठ पूर्ण बंद पडलाय का याची, तपासणी सहसा करत नाहीत. ते खाली आणायचं, शरीराचं तापमान नीट ठेवायचं, झोपेच्या औषधांचा अंमल उतरल्याची खात्री करायची, मगच पुढचं. सगळा बुधवार त्यात गेला. गुरुवारी सकाळी सोडियम 148 वर आलं आणि 11.20 ला पहिली तपासणी झाली.

वाचणाऱ्यांपैकी काहींना माहीत असेल, तरी सांगते. अवयव प्रत्यारोपणाच्या 1994 च्या कायद्यानुसार ही तपासणी दोनदा होते, मध्ये किमान सहा तास. फॉर्म 10 वर चार डॉक्टरांच्या सह्या लागतात आणि प्रत्यारोपण करणाऱ्या टीममधला एकही डॉक्टर त्यात चालत नाही. दुसरी तपासणी पूर्ण होते ती वेळ म्हणजे मृत्यूची वेळ. म्हणजे नवरा मला जिन्यात भेटला तेव्हा त्याची बायको कायद्यानं जिवंत होती.

जिन्यातलं 'हो'

मी त्याला खाली चहाच्या टपरीवर नेलं. समुपदेशन कक्ष नावाची खोली आमच्याकडे आहे, पण तिथं सलाईनचे खोके असतात आणि तिथं बसलं की माणूस मुलाखतीला आल्यासारखा ताठ होतो. चहा आला. मी विचारलं, "दादा, हे तुमच्या मनात कधीपासून आलं?" तो कपाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "ते खाली एक जण म्हणाला. दान केलं की बिल माफ होतं."

ते 'हो' कुठून आलं होतं ते कळलं. 'खाली एक जण' म्हणजे आमच्याच इमारतीतला माणूस होता, हे मला नंतर समजलं. वाईट हेतू नव्हता त्याचा. त्यानं अर्धं ऐकलं होतं. संमतीनंतर देह सांभाळण्याचा, अवयव काढण्याचा, त्यांच्या वाहतुकीचा खर्च दात्याच्या कुटुंबावर टाकता येत नाही, असं 2014 च्या नियमांत आहे. त्याच्या आधीच्या उपचारांचं बिल ही वेगळी गोष्ट. ते दानाच्या बदल्यात माफ केलं तर ते अवयवाचं मोल दिल्यासारखं होतं, आणि कायदा नेमकं तेच रोखायला आणलाय.

मी त्याला हे सांगितलं. म्हटलं, बिलाचं मी वेगळं बघते, ईएसआयमधून, कामगार विम्यातून, काय बसतं ते आजच विचारते, तुम्ही हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. त्यानं चहा अर्धा ठेवला. "मग मी विचार करतो," म्हणाला. एक 'हो' माझ्या हातून गेलं. ऑफिसच्या तक्त्यावर ते नकार म्हणून गेलं असतं.

तिथून वर आले तर दुसऱ्या जिन्याच्या पायऱ्यांवर माहेरची माणसं बसलेली. आई, दोन मावश्या, एक चुलता. सासरची माणसं लिफ्टच्या बाजूला, ही जिन्याच्या बाजूला, मध्ये पाण्याचा कूलर. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. नऊ वर्षांत मी फाईलपेक्षा बसायच्या जागा आधी बघायला शिकलेय.

मी आईजवळ बसले. तिनं अवयवाबद्दल चकार शब्द काढला नाही. तिनं विचारलं, "तिच्या हातातल्या बांगड्या कुठंयत?"

मंगळवारी कॅज्युअल्टीत सलाईनची लाईन घालायची घाई होती. हिरव्या काचेच्या बांगड्या, घट्ट. त्या काढायला वेळ नव्हता. आईनं बुधवारी भेटीच्या वेळेत रिकामे हात बघितले आणि सिस्टरला विचारलं, तेव्हा सिस्टर कामात होती. ती बोलून गेली, "फोडल्या आम्ही, लाईन टाकायची होती."

सवाष्णीची बांगडी वाढते. ती फुटत नाही, फोडत तर मुळीच नाहीत. फोडतात त्या नवरा गेल्यावर. सिस्टर केरळची, गेली सहा वर्षं नाशिकमध्ये, मराठी उत्तम बोलते. तिला 'वाढवल्या' हा शब्द कोणी शिकवला नव्हता आणि तिच्यावर राग धरायचं काही कारण नाही. पण आईच्या डोक्यात तिथून गाडी वेगळ्या रुळावर गेली होती: बाथरूममध्ये पडली म्हणतात, डोक्याला खोक आहे, बांगड्या फोडल्या आहेत, आणि जावई सह्या करायला पळतोय. मावशी मला म्हणाली, "पडली का पाडली, ते आधी बघा."

माझी चूकही इथंच लिहिते. थोड्या वेळानं मुलीशी बोलताना मी 'ब्रेन डेड' हा शब्द वापरला. तिनं लगेच विचारलं, "म्हणजे फक्त ब्रेन ना? बाकी मम्मी आहे ना?" सवयीचा शब्द, आणि सवयीनंच चुकीचा. ऐकणाऱ्याला तो मेंदूच्या आजाराचं नाव वाटतो. तेव्हापासून मी 'मृत्यू' हाच शब्द वापरते, आणि तो दुसऱ्या तपासणीनंतरच तोंडातून काढते.

दहा तास

आईकडून भावाचा नंबर घेतला. तो कांदा घेऊन ग्वाल्हेरला गेला होता. माल उतरवून, गाडी क्लीनरच्या ताब्यात देऊन, ओळखीच्या दुसऱ्या ट्रकमधून निघाला होता. मी फोन केला तेव्हा महूच्या पुढं होता. मी कोण ते सांगितल्यावर त्यानं एकच विचारलं, "आहे का गेली?"

यावर खोटं बोलता येत नाही आणि पूर्ण खरंही अजून झालेलं नसतं. मी म्हटलं, "भाऊ, पहिली तपासणी झालीय, ती चांगली नाही. दुसरी व्हायचीय." तो म्हणाला, "मी येईस्तोवर काही करू नका."

आग्रा रोडनं सेंधवा, शिरपूर, धुळे, मालेगाव. रात्रीचे नऊ वाजणार होते. दुसरी तपासणी सहा तासांनी, म्हणजे संध्याकाळी साडेपाचपासून केव्हाही करता येत होती. मी आयसीयू प्रमुखांकडे गेले आणि ती नऊनंतर ठेवा म्हटलं.

त्यांचं म्हणणं मी त्यांच्या बाजूनंच लिहिते, कारण ते चुकीचं नव्हतं. नॉरअ‍ॅडचा डोस, रक्तदाब धरून ठेवणाऱ्या औषधाचा, सकाळपासून दुप्पट झाला होता. ब्रेनस्टेम गेल्यावर रक्तदाब, तापमान, सोडियम, सगळंच बाहेरून धरून ठेवावं लागतं, आणि ते किती वेळ जमेल याचा भरवसा नसतो. दुपारच्या टूडी-इकोत हृदयाचं पंपिंग 50 टक्के होतं. "नऊ वाजेपर्यंत ते तसंच राहील, हे तू लिहून देतेस का?" त्यांनी विचारलं. "कायद्याला नवऱ्याची सही पुरते. तो जवळचा नातेवाईक आहे. भावाचा प्रश्न येतोच कुठं?"

कायद्याला पुरते हे खरं. फॉर्म 8 वर एका जवळच्या नातेवाईकाची सही लागते, माहेर-सासर असा रकाना त्यावर नाही. मी दोन गोष्टी मांडल्या. पहिली व्यवहाराची. प्रकरण एमएलसी आहे, पोलिसांच्या ना हरकतीशिवाय आपण शस्त्रक्रियागृहाचं दार उघडू शकत नाही. माहेरच्यांनी एक अर्ज दिला तर कोणता अधिकारी सही करेल? दुसरी गोष्ट मांडायला मला जड गेली, कारण तिला आकडा नाही. बाई जाते तेव्हा माहेरचं माणूस येईपर्यंत तिला हलवत नाहीत. हे चांदवडलाही आहे आणि सिडकोतही. तिला आपण भावाच्या आधी हलवली तर या घरात ती कायमची 'घाईघाईत नेली' अशीच राहील, आणि मुलांना मामा राहणार नाही.

"तू समन्वयक आहेस का नात्यातली?" ते म्हणाले. पण तपासणी नऊनंतर ठेवली.

चारला हद्दीच्या पोलीस ठाण्याचे उपनिरीक्षक आले. फाईल बघितली आणि पहिलाच प्रश्न: "माहेरचं कोणी काही बोललंय का?" मी आयसीयू प्रमुखांकडे बघितलं नाही. बघायला हवं होतं असं आता वाटतं, माणसानं कधीतरी जिंकून घ्यावं. लग्नाला बावीस वर्षं झालेली होती. सात वर्षांच्या आतला संशयास्पद मृत्यू असता तर दंडाधिकाऱ्यांपर्यंत प्रकरण गेलं असतं. उपनिरीक्षक म्हणाले, भाऊ येऊ द्या, त्याचा जबाब घेतो, मग बघू.

मधल्या वेळात पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीला संभाव्य दाता म्हणून कळवलं. नाशिक त्यांच्याच अखत्यारीत येतं. रक्तगट आणि रिपोर्ट पाठवले. सातला रक्तदाब साठच्या घरात आला, दुसरं औषध सुरू झालं. मी कॉरिडॉरमध्ये उभी राहून मालेगाव ते नाशिक किती किलोमीटर हे तिसऱ्यांदा मोजत होते.

नऊ मिनिटं

भाऊ नऊला पाच कमी असताना आला. अंगावर तीन दिवसांचा शर्ट, पायात स्लिपर. आईकडं गेला नाही, दाजींकडंही नाही. मला म्हणाला, "ताई, कुणी उचललं तिला? बाथरूममधून?" मुलगी पुढं आली. "मी आणि पप्पांनी, मामा." त्यानं तिच्याकडं बघितलं, बराच वेळ.

न्यूरोसर्जन थांबले होते, यासाठी त्यांचे आभार. त्यांनी सीटी लावला आणि बोटानं दाखवलं: खोक इथं वर, चामडीला, खाली हाडाला चीरसुद्धा नाही. रक्त इथं, आत खोल. बीपीनं आतली नस फुटली, म्हणून त्या पडल्या. पडल्या म्हणून नस फुटली नाही. भाऊ म्हणाला, "परत दाखवा." डॉक्टरांनी परत दाखवलं. उपनिरीक्षक मागं उभे होते, त्यांनीही बघितलं.

मग मी त्याला विचारलं की दुसरी तपासणी होताना आत थांबायचंय का. सगळ्यांना विचारत नाही. काहींना ते सोसत नाही. तो म्हणाला थांबतो.

ॲप्निया टेस्टमध्ये काय होतं ते कागदावर दोन ओळींत मावतं. आधी भरपूर ऑक्सिजन देतात, मग व्हेंटिलेटर सोडवतात, नळीतून ऑक्सिजन चालूच ठेवतात आणि छाती-पोटाकडं बघत राहतात. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढत जातो. ब्रेनस्टेममध्ये धुगधुगी असेल तर तो श्वास घ्यायला भाग पाडतो. चादर कंबरेपर्यंत खाली घेतलेली, छातीवर गाऊन, आणि आतापर्यंत तासाला तास हलणारी ती छाती थांबलेली. मशीनचा आवाज गेल्यावर खोलीत मॉनिटरची टिकटिक आणि बाजूच्या बेडवरच्या आजोबांचं खोकणं तेवढं उरलं. हृदय चालू होतं. भाऊ पायाशी उभा होता, दोन्ही हात पाठीमागं बांधून. नऊ मिनिटं. रक्तातले वायू तपासायला एबीजी काढला, व्हेंटिलेटर परत जोडला. कार्बन डायऑक्साइड 39 वरून 68. साठच्या वर गेला आणि श्वास नाही, म्हणजे उत्तर मिळालं.

बाहेर आल्यावर तो भिंतीला टेकून बसला. म्हणाला, "मी पण धरला होता श्वास. एवढ्यात लई डाव सोडावा लागला."

मी 'मृत्यू' हा शब्द वापरला. वेळ 9.48. त्यानंतर वीस मिनिटं मी काहीच बोलले नाही. ही बातमी आणि दानाचा प्रश्न एका दमात देऊ नये, मध्ये श्वास घ्यायला जागा ठेवावी. हे प्रशिक्षणातही सांगतात, पण तिथं कोणी घड्याळाकडं बघत पुण्याच्या फोनची रिंग ऐकत बसलेलं नसतं.

साडेदहाला सलाईनच्या खोक्यांच्या खोलीत सगळे बसले. कूलर मध्ये नव्हता. नवऱ्यानंच विषय काढला आणि बिलाचं सगळ्यांसमोर स्वतःच सांगितलं: "मला वाटलं होतं माफ होतं. तसं नसतं. तरी मला वाटतं द्यावं." सासू रडत होती. आईनं भावाकडं बघितलं. भाऊ म्हणाला, "दाजी, सही तुमची. मी इथं बसलोय." थोडं थांबून, "डोळे नको पण. आईला तोंड बघायचंय तिचं."

डोळ्यांच्या बाबतीत मी एकदाच सांगितलं: नेत्रपेढीची माणसं चेहरा जसाच्या तसा ठेवतात, पापण्या मिटलेल्या असतात, बघणाऱ्याला कळत नाही. भाऊ म्हणाला, "कळलं. तरी नको." मी फॉर्मवर डोळे खोडले. माझ्या एका सहकारी समन्वयकाच्या मते मी आणखी प्रयत्न करायला हवा होता, दोन माणसांना दिसलं असतं. असेल. पण त्या खोलीत माहेरानं घातलेली ती एकच अट होती.

भावाचा जबाब झाला, पोलिसांची आणि न्यायवैद्यक डॉक्टरांची ना हरकत रात्री साडेअकराच्या आत हातात आली.

त्यानंतरचं सगळं वर्तमानपत्रात येतं ते, आणि कामाच्या मानानं सोपं. हृदय हातचं गेलं. रात्रीच्या इकोत पंपिंग 35 टक्के, शिवाय जुन्या बीपीनं भिंत जाड झालेली, हृदयाच्या टीमनं नकार दिला. आयसीयू प्रमुखांनी मला तो रिपोर्ट न बोलता दाखवला. साडेपाचला तपासणी झाली असती तर ते मिळालं असतं का? ते म्हणतात, शक्यता होती. मी म्हणते, साडेपाचला तपासणी झाली असती तर यकृत आणि मूत्रपिंडंही मिळाली नसती. आम्ही दोघं अजून आपापल्या जागी आहोत आणि डबा एकत्र खातो.

पुण्याची टीम अडीचला पोचली. पहाटे पाचच्या आत यकृत आणि दोन्ही मूत्रपिंडं निघाली. एक मूत्रपिंड आमच्याच प्रतीक्षायादीतल्या रुग्णाला. यकृत आणि दुसरं मूत्रपिंड बर्फाच्या पेट्यांत, 5.50 ला रुग्णवाहिका द्वारकेवरून सुटली. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, चाकण. त्या वेळी रस्ता मोकळाच असतो, तरी प्रत्येक हद्दीत पोलीस उभे होते. यकृताला दहा-बारा तासांची मुदत धरतात, मूत्रपिंडाला त्याहून बरीच जास्त. सव्वानऊला पेटी पुण्यात.

मी गाडीबरोबर गेले नाही. मी सिव्हिलला गेले, शवविच्छेदनासाठी. घरच्यांना मी सकाळी अकरा ही वेळ दिली होती आणि ती पाळायची होती. 'लवकर देतो' असं मी कोणालाच सांगत नाही.

मुलीनं रात्रीच मैत्रिणीला फोन करून पवननगरच्या बाजारातून हिरव्या बांगड्या मागवल्या होत्या. चांदवडची आजी म्हणाली होती अडीचच्या आणा, तिला अडीचच्याच होतात. मुलीनं पावणेतीनच्या सांगितल्या. तीन दिवस सलाईन चाललेले हात तिनं बघितले होते. सिव्हिलच्या व्हरांड्यात, अकराला दहा कमी असताना, त्या आजीनं लेकीच्या हातात त्या एकेक करून चढवल्या, आणि भावानं माहेरची साडी अंगावर घातली. बांगड्या बरोबर बसल्या.

त्या आठवड्यात कॅज्युअल्टीच्या सिस्टरांसाठी मी एक तास घेतला. त्यात कायदा दहा मिनिटं, उरलेला वेळ शब्द: बांगडी वाढवली म्हणावं, कुंकू पुसलं असं म्हणू नये, मंगळसूत्र काढलं तर कोणाच्या हातात दिलं ते लिहावं. केरळच्या सिस्टरनं वहीत सगळं मल्याळममध्ये उतरवून घेतलं. नाव-तारखेची जाड पाकिटंही ठेवलीत तिथं, जे काढाल ते त्यात. पहिल्या महिन्यात एकच वापरलं गेलं. त्यात जोडवी होती, आणि ती बाई बरी होऊन घरी जाताना स्वतःच ती मागायला आली.